ख्रिस्तवाणीचा मराठी सूर

१९७२ साली जर्मनीत एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘होझियाना मंत्र’. ‘होझियाना’ हा मूळचा हिब्रू उद्गार. ‘आम्हांस तार’ असा त्याचा अर्थ असून येशू यरुशलेमेत प्रवेश करीत असता लोकसमुदायाने तो केला, असे शुभवर्तमानांत सांगितले आहे. ‘मंत्र’ हा शब्द कोठला, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. म्युनिकचा संगीतकार फ्लोरियान फ्रिके (१९४४–२००१) हा या मुद्रिकेचा कर्ता. त्याच्या वाद्यवृंदाचे ‘पोपोल वुह्’ हे नावही मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या पवित्र ग्रंथावरून घेतलेले. रॉक संगीताची जी शाखा ऐकणाराचे चित्त नेहमीच्या जाणिवेपलीकडे नेऊ पाहते आणि जिला ‘सायकेडेलिक’ असे म्हणतात, तिच्यात या वृंदाची गणना होते. मुद्रिका काढणाऱ्या संस्थेचे नावच मुळी ‘पिल्त्स’ म्हणजे अळंबी होते, यावरून त्या काळाच्या हवेची कल्पना यावी.

तथापि मुद्रिका ऐकू लागले म्हणजे निराळाच अनुभव येतो. तीत ढोलताशांचा दणदणाट नाही. आरंभीच्या मुद्रिकांत वापरलेले विद्युत् ध्वनियंत्र फ्रिकेने येथे बाजूस ठेविले आहे. पियानो, ओबो, मंद लयीत वाजणारी विजेची गिटार, जोंग युन या कोरियन गायिकेचा उंच, निर्मळ आवाज, आणि या सर्वांच्या तळाशी चक्क तंबोरा, असा तिचा थाट आहे. दुसऱ्या बाजूस ‘मोशेचे पाचवे पुस्तक’ असे नाव दिले आहे. मराठी बायबलात याच पुस्तकास ‘अनुवाद’ म्हणतात. तेथील एका गीताचे शीर्षक ‘स्वर्गात उंच नव्हे’ असे आहे. त्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात मोशे लोकांस समजावून सांगतो की, देवाची आज्ञा आणण्यासाठी कोणी आकाशात चढावयास नको की समुद्र ओलांडावयास नको. ती अगदी जवळ आहे, मुखात आहे, अंतःकरणात आहे. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, या वृंदाने मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाच्या आधारे ‘धन्यवचने’ या अर्थाच्या नावाची मुद्रिका काढली, आणि १९७५ मध्ये शलमोनाच्या गीतरत्नावर आणखी एक.

युरोपीय समीक्षकांस यात पूर्व आणि पश्चिम यांचा अपूर्व संगम दिसला. संगम खरा. परंतु तो ‘अपूर्व’ म्हणावा काय, याविषयी मराठी वाचकाने थोडा विचार करावा. ख्रिस्ती शास्त्राने भारतीय सुरात बोलावे हा प्रयोग मराठीत १६१६ साली छापून निघाला होता. तो तंबोऱ्याच्या साथीपुरता मर्यादित नव्हता, आणि त्याच्या पाठीशी जे घडले ते म्युनिकच्या ध्वनिमुद्रणगृहात घडले त्यापेक्षा फार अवघड होते.

फादर टॉमस स्टीफन्स याचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ साली झाला. रोम येथे त्याने येशूसंघात प्रवेश केला, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन सोडले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला तो गोव्यास पोहोचला. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याचे आयुष्य बहुतांशी साष्टी प्रांतात गेले. १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात इकडील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे त्याने नमूद केले आहे. भाषांच्या कुळाविषयीचे सर विल्यम जोन्स याचे सुप्रसिद्ध विधान यानंतर दोन शतकांनी आले. स्टीफन्सने कोकणीत ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी लिहिली आणि त्या भाषेचे व्याकरणही रचले. ती दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर, अनुक्रमे १६२२ व १६४० मध्ये, छापली गेली. परंतु त्याचे नाव राहिले ते ‘क्रिस्तपुराणा’मुळे.

हे पुराण दोन भागांत आहे. ‘पैले पुराण’ जुन्या करारावर आधारलेले असून त्यात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आहेत. ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्राचे असून त्यात ५९. एकूण ओव्या अकरा हजारांच्या घरात जातात. राचोल येथे १६१६ साली ते छापले गेले. नागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन अक्षरांत छापावे लागले. १६४९ व १६५४ मध्ये पुनर्मुद्रणे झाली. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज हाती लागत नाही.

काळाची संगती लावून पाहिली म्हणजे या ग्रंथाचे स्थान ध्यानात येते. पैठणास एकनाथ १५९९ साली निवर्तले होते. देहूस तुकोबा, प्रचलित मताप्रमाणे त्यांचा जन्म १६०८ चा धरला तर, आठ वर्षांचे होते. या दोघांमधल्या अवकाशात एक इंग्रज पाद्री साडेतीन चरणी ग्रांथिक ओवी लिहीत बसला आहे. पहिले तीन चरण यमकाने बांधावे आणि चौथा आखूड, मोकळा सोडावा, ही रीत त्याने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतून उचलली. चौथ्या चरणाशी श्वास टाकण्याची जागा असते आणि पुराणिक तेथेच श्रोत्यांकडे पाहतो, हे ज्याला उमगले नाही त्याला ओवी साधत नाही. स्टीफन्सला ती साधली. काही ठिकाणी ती रेटाळ होते, याद्यांनी भरते, हे कबूल केले पाहिजे. पण क्रुसाखालील मारियेचा शोक वाचताना परकीयत्वाचा पडदा गळून पडतो. मराठी भाषेची त्याने आरंभी गायिलेली थोरवी तर आमच्या पाठ्यपुस्तकांत इतक्या वेळा आली आहे की, पुष्कळ विद्यार्थ्यांचे ‘क्रिस्तपुराण’ तेथेच सुरू होते आणि तेथेच संपते!

त्याचा शब्दसंग्रह पाहण्याजोगा आहे. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो आणि सैतानाला कोकणातील ग्रामभूत ‘देवचार’ याचे नाव देतो. उलट जेथे धर्मतत्त्वाचा प्रश्न येतो तेथे ‘बाप्तिज्मु’, ‘स्पिरितु सांतु’ असे परके शब्द जसेच्या तसे राहू देतो. कोणता शब्द भाषांतरित करावा आणि कोणता करू नये, यामागे त्याचा ठाम हिशेब होता. वैकुंठ हा शब्द घेतला, पण वैकुंठीचा रहिवासी बाहेर ठेविला. लंडन येथे मार्सडेनच्या संग्रहातून आलेली या पुराणाची एक नागरी हस्तलिखित प्रत आहे. तीत पोर्तुगीज शब्दांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द आढळतात. मराठी संतकवींची इंग्रजीत ओळख करून देणारे जस्टिन ॲबट यांनी या प्रतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दोहोंपैकी कोणता पाठ स्टीफन्सच्या मनाजवळचा, हा वाद विद्वानांचा. पण एकाच ग्रंथाचे दोन वेष टिकून राहिले, यावरून तो निरनिराळ्या मंडळींत वाचला जात होता एवढे तरी दिसतेच.

आता अवघड भागाकडे वळले पाहिजे. स्टीफन्स गोव्यात येण्याच्या बारा वर्षे आधी, १५६७ मध्ये, याच साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. पुराणे सांगण्यावर बंदी होती. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक बाटलेला ब्राह्मण पाद्र्याला विचारतो की, आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्हांस आमच्या भाषेत काही का देत नाही? हा प्रसंग घडलेला असो वा कवीने योजिलेला असो, त्यातली पोकळी खरी आहे. ज्या हातांनी ती निर्माण केली त्याच पक्षाच्या एका माणसाने ती ओवीने भरावयास घेतली. या ग्रंथाचा गौरव ‘समन्वय’ या एका शब्दात उरकणारे ही गोष्ट सोडून देतात. आणि ‘हे बाटविण्याचे आमिष’ असे म्हणून ग्रंथ मिटणारे अकरा हजार ओव्या सोडून देतात. आमिषासाठी कोणी अकरा हजार ओव्या लिहीत नाही, शे-दोनशे पुरतात. आमच्या मते स्टीफन्स पुराणाची जागा घ्यावयास आला आणि पुराणानेच त्याला आपल्या रीतीत बसविले. ऐकणाऱ्या मंडळींची सवय त्याहून बलवत्तर होती.

या तर्काला पुढील इतिहासाचा आधार आहे. फ्रेंच येशूसंघी एतिएन द ला क्र्वा याने १६२९ ते १६३४ या काळात सेंट पीटरच्या चरित्रावर असेच विस्तृत ओवीबद्ध पुराण छापले. म्हणजे स्टीफन्सची लहर एकट्याची राहिली नाही. मात्र १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. ग्रंथ ज्या भाषेत होता तीच सरकारी दृष्टीने गुन्हेगार ठरली. तरीही पुराण मेले नाही. ते हस्तलिखितांतून दक्षिण कानडा जिल्ह्यातील कॅथलिक कुटुंबांत टिकले, आणि अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्दान्हा यांनी ते रोमन लिपीतच पुन्हा छापले. संपूर्ण पुराण नागरीत मराठी वाचकाच्या हाती यावयास १९५६ साल उजाडावे लागले; त्या वर्षी शांताराम बंडेलू यांची आवृत्ती पुण्यास निघाली. मधली ३४० वर्षे मराठी वाङ्मयाचा एक मोठा ग्रंथ मराठी अक्षरांत उपलब्धच नव्हता!

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशने आली. विल्यम केरी याने सेरामपूरहून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत छापून काढला. आता शास्त्र गद्यात आले. गाणे मात्र इंग्रजी चालीवर आले, आणि तेथे घोटाळा झाला. इंग्रजी स्तोत्राची चाल आघातावर उभी असते. अमुक अक्षरावर जोर, पुढचे अक्षर हलके, असा तिचा ठेका. मराठीत असा ठरीव आघात नाही. आपल्याकडे लघुगुरूंचे वजन आहे, नाहीतर अभंगाप्रमाणे नुसती अक्षरसंख्या. त्यामुळे इंग्रजी चालीत मराठी शब्द बसविताना ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते आणि दीर्घ अक्षर घाईने गिळावे लागते. ‘प्रभु’चा ‘प्रभू’ होतो, हे एक वेळ चालेल. पण ‘देवा’चा ‘देव’ झाला की संबोधनच नाहीसे होते. गाणाराची श्रद्धा कितीही उत्कट असली तरी कानाला तो प्रकार भाडोत्री अंगरख्यासारखा लागतो.

यावर पहिला उतारा अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत सापडला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नमन, पूर्वरंगातील निरूपण आणि उत्तररंगातील आख्यान ही चौकट तीच. आख्यान मात्र शुभवर्तमानातले. उधळ्या पुत्राचा दृष्टांत तर कीर्तनकारासाठीच रचला होता की काय, असे वाटते. मुलाचे घर सोडून जाणे, डुकरांच्या कोंड्यावर आलेली पाळी, बापाचे लांबून ओळखणे, थोरल्या भावाचा रुसवा: गायन, विनोद आणि करुण यांना हवी तेवढी जागा. ज्या समाजाला लिहितावाचता येत नव्हते, त्याला शास्त्र कळले ते अशा रात्रींत.

या पार्श्वभूमीवर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) येतात. आमच्या मध्यप्रदेशी वाचकांसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. राजनांदगाव २००० सालापर्यंत मध्यप्रदेशातच होते. आज ते छत्तीसगडात आहे. भोपाळच्या नेहरू नगरात बसून मराठी वाङ्मयाचा विचार करणाराला हे वाङ्मय नेहमी कोठे तरी दूर, सह्याद्रीपलीकडे घडल्यासारखे वाटते. हा प्रसंग तरी आपल्या वाटेवरचा आहे. ती प्रत वाचताना टिळकांचे मन ज्या भागावर खिळले तो भाग म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरचे प्रवचन. ऐंशी वर्षांनंतर म्युनिकच्या फ्रिकेने मुद्रिकेसाठी निवडला तो हाच भाग.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरास त्यांचे वास्तव्य झाले. बालकवी त्यांच्याच घरी काही काळ राहिले. शाळेतील मुले टिळकांस ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून आणि ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेमुळे ओळखतात. त्यांची भजने वर्गात कधी येत नाहीत. माझ्या मते त्यांच्या कवित्वाचा कस तेथेच लागला आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी ‘उपासना संगीत’ या ग्रंथातून ती आजही गातात.

टिळकांनी नेमके काय केले? स्टीफन्सने पुराण घेतले होते. टिळकांनी अभंग घेतला. हा फरक वरवरचा नाही. पुराण सांगणारा कथा जाणतो आणि श्रोता ती ऐकतो. अभंग म्हणणारा स्वतःच उभा असतो, भांडतो, रडतो, हट्ट धरतो. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या त्या चौकटीत ‘मी’ आणि ‘तू’ यांखेरीज तिसऱ्याला फारशी जागा नसते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. आणि पूल ओलांडल्यावर तो त्यांनी पाडला नाही. त्यांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून हाक मारली. या एका शब्दाचा परिणाम पाहावा. युरोपातील धर्मशास्त्रात ख्रिस्त पुत्र आहे, राजा आहे, न्यायाधीश आहे. आई म्हणून त्याला आळविणे तेथे अगदीच अज्ञात नसले तरी विरळ. मराठीत मात्र ज्ञानोबा माउली आणि विठो माउली असल्यामुळे टिळकांना तो शब्द शोधावा लागला नाही, तो आपसूक जिभेवर आला. छंद घेतला की छंदाबरोबर नातेही आले. स्टीफन्स ज्या हिशेबाने शब्द निवडत होता तो हिशेब येथे सुटला आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तेव्हा ज्या मंडळींनी त्यांच्या भजनांचे कौतुक केले होते त्यांतील कित्येकांस हे फार झाले असे वाटले असल्यास नवल नाही. पण भजनांत जे होते तेच त्यांनी आचरणात आणले.

मृत्यूपूर्वी दहा वर्षे टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. त्याचे पहिले सुमारे दहा अध्याय लिहून झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते वारले. काव्य अपुरे राहिले. ते पुढे नेले कोणी, तर लक्ष्मीबाईंनी. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, ज्यांना अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, आणि ज्या नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहून पुढे १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या, त्या या लक्ष्मीबाई. त्यांनी ‘ख्रिस्तायना’चे आणखी ६४ अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’चे सर्वांनी योग्य कौतुक केले आहे, परंतु त्याच लेखणीने, उतारवयात, हजारो ओव्यांचे हे काम केले याचा उल्लेख समीक्षक एका ओळीत करून पुढे जातात. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांची ओवी संस्कृत काव्य पचविलेल्या पंडिताची आहे, तिला डौल आहे. लक्ष्मीबाईंची ओवी जात्यावरून उठून आलेली आहे. ती कथेला लवकर हात घालते आणि माणसे बोलू लागली की बाजूला सरते. या दृष्टीने पाहता ख्रिस्तकथेला मराठी सूर खऱ्या अर्थाने कोठे लागला, असे कोणी विचारले, तर मी टिळकांच्या आधी त्यांच्या पत्नीचे नाव घेईन. हे मत सर्वांस मान्य होईल असे नाही.

कॅथलिक पंथात अशा गायनास अधिकृत वाट मिळाली ती डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान मंजूर केले तेव्हा. तोवर वसईच्या मराठी भाविकांची मिस्सादेखील लॅटिनमध्येच चाले. त्यानंतर देशी भाषा आणि देशी वाद्ये मंदिरात आली. फ्रिकेची मुद्रिका याच दशकाच्या वळणावरची आहे. जर्मनीतील तरुण पिढी चर्चच्या बाकावरून उठून सतार आणि तंबोरा यांच्याकडे निघाली होती; फ्रिके तंबोरा घेऊन पुन्हा शास्त्राकडे वळला, हे त्याचे वैशिष्ट्य.

मुद्रिका सुंदर आहे, हे मी मोकळेपणाने म्हणेन. पण तिच्यातील तंबोऱ्याचे काम काय, हे नीट ऐकावे. तो षड्ज धरून बसतो आणि भोवती एक अवकाश निर्माण करतो. त्या अवकाशात ‘किरिये’ हा ग्रीक शब्द ग्रीकच राहतो, ‘होझियाना’ हिब्रूच राहते. वातावरण भारतीय झाले, वाक्य झाले नाही. ‘मंत्र’ हा शब्दही शीर्षकात आला तो एका मनोवस्थेचे नाव म्हणून. याउलट साष्टीच्या पुराणिकाजवळ किंवा नगरच्या कीर्तनकाराजवळ वातावरण वेगळे निर्माण करण्याची सोयच नव्हती. समोर बसलेल्या माणसाला वाक्य कळले नाही तर तो उठून जाई. मोशेच्या पुस्तकातील ज्या वचनावरून फ्रिकेने गीताचे शीर्षक घेतले त्यात मुखाचा उल्लेख आहे. आमच्या मंडळींनी तो शब्दशः घेतला आणि त्याची किंमतही मोजली: स्टीफन्सची भाषा सरकारने मोडीत काढू पाहिली, आणि टिळकांच्या घराची काही वर्षे दोन टोकांना दोन चुली झाल्या.

अध्यापक बंधुभगिनींस एक सूचना करावीशी वाटते. ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीचे स्तवन शिकवून झाल्यावर वर्गात ‘ख्रिस्तायना’च्या आरंभीच्या अध्यायांतील एक आणि पुढचा एखादा अध्याय मोठ्याने वाचावा. कोणता कोणाचा हे आधी सांगू नये. ओव्या चालीत म्हणता आल्या तर अधिक बरे. चौथ्या चरणाशी थांबावे आणि मुलांकडे पाहावे. मग त्यांनाच विचारावे की, लिहिणारा हात कोठे बदलला.